खंडेनवमीचा कार्बोरेटर

मोटार दुरुस्त करणं अवघड असतं असं ज्यांना वाटतं, त्यांनी कधी मोटार उघडून पाहिलेली नसते. उघडणं फार सोपं आहे. आमच्या गाडीचं इंजिन मी एका रविवारी जेवायच्या आधी सगळंच्या सगळं उघडलं होतं. ते परत मिटायला दोन वर्षं लागली, पण तो भाग वेगळा.

ही सत्तावन सालची गोष्ट. मी बंगळुरात, अठरा कचेरी नावाच्या सरकारी इमारतीत कारकून, राहायला गविपुरात, आणि घरामागच्या पत्र्याच्या शेडमध्ये एक छोटी, दोनच माणसांची, कापडी टपाची मोटार. एक गोरा साहेब विलायतेला परत जाताना ती कँटोन्मेंटात सोडून गेला होता. मी बघायला गेलो तेव्हा तिच्या सीटवर कोंबडी अंड्यांवर बसली होती. मी गाडी घरी आणली, कोंबडी तिथेच राहिली, आणि दोघींपैकी काम करणारी कोण होती हे मला पुढे कळलं. आमचे शेजारी आप्पाजी रोज कचेरीला जाताना शेडपाशी सायकल थांबवून विचारायचे, "काय रघुजीराव, आज कुठला भाग शिल्लक राहिला?"

मी हसून सोडून द्यायचो. कारण माझी गाडी चैनीसाठी नव्हती. ती अक्कासाठी होती.

अक्का म्हणजे गोजराबाई, माझी थोरली बहीण. लग्नानंतर वर्षाच्या आत विधवा होऊन परत आली, आणि आई गेल्यावर तिनेच मला वाढवलं. मी चाळिशीला आलो तरी तिच्या लेखी माझं नाक अजून पुसायचंच होतं. त्या वर्षी तिच्या डोळ्यांत काचबिंदू निघाला. बाजूचं सगळं गेलं होतं. नळीतून बघावं तसं समोरचं वाटीएवढं दिसायचं, तेही उजेड असेपर्यंत. तिन्हीसांज झाली की भिंत धरून चालायची. "संक्रांतीपर्यंत राहिलं तर पुष्कळ," असं डॉक्टरांनी मला बाजूला घेऊन सांगितलं होतं. अक्काला ते सांगावं लागलं नाही.

तिने एकच गोष्ट मागितली. "एकदा बनशंकरीला नेऊन आण रे. आई होती तेव्हा गेले होते. देवीचं तोंड आता आठवता आठवेना झालंय."

तेव्हा बनशंकरी गावाबाहेर होती. येडियूरचं तळं मागे पडलं की नुसती नाचणीची शेतं. अक्काच्या गुडघ्यांना बसची पायरी झेपणारी नव्हती. माझी बायको सकवार म्हणाली, "टांगा सांगू या की." झालं ते तिथेच झालं. मी म्हणालो, "टांगा कशाला? यंदा दसऱ्याला अक्काला आपल्या गाडीतून शिलंगणाला नेतो. गावाची वेस ओलांडून थेट देवीपुढे उभी करतो." आप्पाजी कुंपणापलीकडे होते. त्यांनी ऐकलं आणि संध्याकाळपर्यंत सगळ्या गल्लीने ऐकलं.

आणि खरं सांगतो, गाडी तयार झाली होती. दसऱ्याच्या आठवडाभर आधी मी ती गल्लीतून फिरवून आणली. स्वल्प खोकत होती, इतकंच. शहाण्या माणसाने तिला तशीच ठेवली असती. मी अष्टमीला कार्बोरेटर उघडला. पेट्रोल आणि हवा यांची भेट घालून देणारा हा डबा फार नाजूक. त्यातल्या भोकांत सुई जाईल न जाईल. म्हटलं, एकदा स्वच्छ पुसून घेऊ. सगळे सुटे भाग जुन्या धोतरावर ओळीने मांडून ठेवले आणि खंडेनवमीला सकाळी कचेरीतल्या पूजेला गेलो. तिथे टाइपरायटरला हार घातला, चुरमुरे घेतले, परत आलो. शेडमध्ये धोतर होतं. त्यावर काही नव्हतं.

आमचे पूर्वज शहाजीराजांबरोबर बंगळुरात आले असं आम्ही मानतो. पुरावा म्हणजे घरातली एक तलवार. माझ्या हयातीत तिने फणस पाडण्यापलीकडे पराक्रम केलेला नाही, पण खंडेनवमीला तिची पूजा होते आणि तिच्याबरोबर घरातली सगळी आयुधं बसतात. विळी, कोयता, अडकित्ता, कात्री. त्या दिवशी देवघरात पाहिलं तर तलवारीच्या दोन्ही बाजूंना माझे पाने, हातोडी, जॅक, गाडी सुरू करायचं हँडल, आणि मधोमध चौरंगावर कार्बोरेटर. चिंच-राख लावून घासलेला. हळदकुंकवाने माखलेला. वरच्या भोकात झेंडूचं फूल.

पूजा सकवारने केली होती, हुकूम अक्काचा होता.

"बघा तरी, किती लख्ख निघालं," सकवार म्हणाली. "काळंकुट्ट झालं होतं."

मी हात पुढे केला. अक्का भिंतीला टेकून बसली होती. तिला मी दिसत नव्हतो, पण माझा हात तिला लहानपणापासून पाठ होता.

"रघू. हात मागे घे."

"अक्का, तेवढा डबा दे. रात्रीपर्यंत बसवायला हवा. उद्या तुलाच न्यायचंय."

"एकदा पूजेला बसलेलं आयुध शिलंगणाच्या मुहूर्ताशिवाय उचलायचं नाही. बाबांनी कधी उचललं नाही."

"बाबांकडे मोटार नव्हती."

"तलवार होती की."

मी समजावलं, चिडलो, शेवटी गयावया केली. तुझ्याचसाठी मागतोय म्हणालो. ती म्हणाली, "माझ्यासाठीच तर नको. देवीकडे जायचं आणि देवीचाच नेम मोडून?" निदान बाकीचे ढिले बोल्ट तरी आवळू म्हणून पाना मागायला कोपऱ्यावरच्या गॅरेजात गेलो. गॅरेजला केळीचे खुंट बांधले होते, सगळे पाने पाटावर बसले होते. मालकाने माझ्या हातावर आणखी चुरमुरे ठेवले. त्या दिवशी बंगळुरात एकही पाना जागचा हलत नव्हता.

दुसऱ्या दिवशी दुपारी मुहूर्त झाला. अक्काने एकेक वस्तू कपाळाला लावून माझ्या हातात दिली आणि मी शेडकडे धावलो. फूल काढलं, फडक्याने पुसलं, बसवलं, आवळलं. हँडल मारलं. गाडी सुरू झाली. सगळी गल्ली जमली होती. अक्का ठेवणीतलं पांढरं लुगडं नेसून, मांडीवर नारळ घेऊन शेजारी बसली. आप्पाजींनी सोनं म्हणून बन्नीची, म्हणजे शमीची, पानं दिली आणि पहिल्यांदाच काही विचारलं नाही. ऊन कललं होतं, पण दिवस पुष्कळ होता.

बसवनगुडी मागे पडली. येडियूरचं तळं आलं. तिथे गाडी खोकली, शिंकली आणि उभी राहिली.

मी कार्बोरेटर उघडला. आतल्या भोकात हळदीची अक्षता बसली होती. अक्काच्या शालीची पिन मागून ती काढली, गाडी सुरू केली. ती दोन शेतं ओलांडून पुन्हा थांबली. आणखी अक्षता. सकवारचा हात कुठल्याच बाबतीत आखडता नसतो. तिसऱ्यांदा अक्षता निघाली नाही. हळद आणि पेट्रोल यांचा आत लगदा झाला होता, आणि तो त्या पिनेला दाद देईना. मी रस्त्यावर बसलो होतो, हात पिवळेधमक, एखाद्या नवरदेवासारखा.

"रघू," अक्का आतून म्हणाली, "दिवस किती राहिला?"

रागाने नाही, अगदी साधं विचारलं. टांगा सांगितला असता तर ती एव्हाना देवीपुढे बसली असती. माझ्या फुशारकीपायी ही बाई इथवर येऊन आंधळी परत जाणार, आणि मला एका शब्दाने बोलणार नाही.

"भरपूर आहे," मी म्हणालो. सूर्य झाडांच्या शेंड्यांना टेकला होता.

तेवढ्यात तळ्यावर बैल धुवून एक शेतकरी परत येत होता. मी त्याला दूर नेऊन हलक्या आवाजात कानडीत सगळं सांगितलं. मुनियप्पा त्याचं नाव. त्याने गाडीकडे पाहिलं, अक्काकडे पाहिलं आणि मान डोलावून म्हणाला, "सरी, स्वामी." जवळच्या झोपडीतून जू आणि दोर आणले, गाडीला बैल जोडले. "फक्त तो भोंगा वाजवू नका. हे बिचकतात."

अक्का मान खाली घालून जप करत होती. मी चाकामागे बसलो. "सुरू झाली अक्का," म्हटलं. "आता सावकाश नेतो, रस्ता खराब आहे." गाडी हलली. पण इंजिनाचा आवाज नाही, नुसती घुंगरं. म्हणून मी घशातून घरघर काढायला सुरुवात केली. चढावर थोडी वाढवली. तरी शंका नको म्हणून एकदा भोंगाही वाजवला. बैल उधळता उधळता राहिले आणि मुनियप्पाने वळून माझ्याकडे असं पाहिलं की तो पुन्हा वाजवायची छाती झाली नाही.

"घुंगरं कसली रे?" अक्काने विचारलं.

"पुढे कुणाची तरी बैलगाडी आहे. वाटच देत नाही."

"असू दे. त्यांच्या मागून चल."

देवळात पोचलो तेव्हा पश्चिमेला तांबडं शिल्लक होतं. गर्दी होती, पण अक्काकडे बघून लोक बाजूला झाले. ती देवीसमोर उभी राहिली आणि मान अगदी हळूहळू हलवू लागली. मला आधी कळलं नाही ती काय करतेय. वाटीएवढ्या नजरेत देवीचं तोंड एकदम मावत नव्हतं. ती ते तुकड्या-तुकड्याने गोळा करत होती. आधी मुकुट, मग एक डोळा, मग दुसरा, मग नथ, मग ओठ. पुन्हा वरून खाली. पुजाऱ्याने आरती संपवून तबक खाली ठेवलं होतं. तिच्याकडे पाहून त्याने ते पुन्हा उचललं आणि देवीच्या तोंडाशी धरून ठेवलं. मला तिथे उभं राहवेना. मी खांबाआड जाऊन पिवळ्या हातांनी डोळे पुसले, आणि हळद डोळ्यांत गेली.

परतताना अंधार झाला होता, त्यामुळे मला काळजी नव्हती. गविपूरच्या उतारावर बैल सोडले आणि गाडी आपसूक दारापर्यंत घरंगळत आली. अक्काने उतरता उतरता जमलेल्या गल्लीला सांगितलं, "काय गाडी केलीय माझ्या रघूने. आवाज म्हणून नाही." आप्पाजींनी माझा हात हातात घेतला. मी तो घेऊ दिला.

दिवाळीनंतर अक्काची नजर गेली. डॉक्टरांनी दिलेल्या मुदतीआधीच गेली. ती रडली नाही. मीच काय तो रडलो. संक्रांतीला ती नेहमीसारखी दारात बसून एळ्ळु-बेल्ल, म्हणजे आमच्याकडचा तिळगूळ, वाटत होती. आमच्याकडे त्या दिवशी बैलांनाही सजवतात, त्यांनाही गोडधोड घालतात. मी कचेरीला निघालो तर तिने मला हाक मारून गुळाची मोठी ढेप हातात ठेवली.

"येडियूरला जा. तुझ्या बैलांना दे."

"कुठले बैल, अक्का?"

"अरे, मला बाजूचं दिसत नव्हतं. समोरचं दिसत होतं की. मानेवर दोर असलेले दोन बैल, सगळा रस्ताभर. डावा पांढरा होता, शेपटी सारखी हलवायचा. बिचारा भोंग्याला घाबरला." तिने हाताला लागलेला गूळ पदराने पुसला. "देवी बघितली आणि ते दोघे बघितले. त्यानंतर लक्षात राहावं असं काही दिसलं नाही बघ. चांगले होते."

मी ढेप घेऊन तिथेच उभा राहिलो. घशातून काढलेल्या घरघरीबद्दल ती काही बोलली नाही. मी ढेप काखेत मारून येडियूरची वाट धरली.