सव्वीस सायकलींचे आगाऊ आभार

“वेळेवर काम करणारे ढिगाने सापडतील!” भूगोलाच्या सरांनी शिक्षकांच्या खोलीत टेबलावर थाप मारली. “मी वेळेच्या आधी करतो! त्या सव्वीस सायकली आल्याच म्हणून समजा!”

टेबलावरचे चार कप हिंदकळले. सर म्हणत होते त्यात तसूभर खोटं नव्हतं. हा माणूस सुट्टी लागायच्या पंधरा दिवस आधी बॅग भरायचा आणि मग पंधरा दिवस त्याच बॅगेतून कपडे काढून घालायचा. स्वतःच्या लग्नाला तो इतका लवकर पोहोचला होता, की हॉलमध्ये आधीच्या लग्नाची जेवणं चालू होती आणि त्या मंडळींनी आग्रह करकरून त्यालाही जेवायला बसवलं. स्वतःच्या लग्नात नवरदेव ढेकर देत उभा!

तर झालं होतं असं. शाळेत फार लांबून चालत येणारी सव्वीस मुलंमुली होती. शाळांना आणि विद्यार्थ्यांना मदत करणारा एक धर्मादाय निधी अशा मुलांना सायकली देतो, असं मोठ्या बाईंना, म्हणजे मुख्याध्यापिकांना, कुठूनसं कळलं. अर्जाचं काम त्यांनी सरांच्या गळ्यात घातलं आणि सरांनी ते हारासारखं मिरवलं.

त्या सव्विसांत एक गवंड्याची थोरली होती. आठवीत, हुशार, बोलायला कमी. दगडाच्या खाणीपलीकडच्या वस्तीतून ती एकटीच यायची. पाच किलोमीटर यायचे, पाच जायचे. दिवस लहान झाले की घर गाठेपर्यंत अंधार पडायचा, आणि खाणीच्या रस्त्याला ट्रकची ये-जा. तिच्या बापाने शाळेत येऊन सांगितलं होतं, “सोबत करायला मला वेळ नाही, सर. हिच्या आईच्या कडेवर तान्हं पोर. सहामाही झाली की हिची शाळा बंद.” बाप वाईट नव्हता, घाबरलेला होता. सायकल असली तर पोर उजेडात घरी पोहोचेल, इतकी साधी गोष्ट होती ही.

निधीच्या नियमपुस्तिकेतले दोन नियम सरांनी लाल शाईने अधोरेखित केले. एकदा मदत मिळालेल्या शाळेने पुढची पाच वर्षं अर्ज करू नये, हा एक. आणि मदत मिळाल्यावर पंधरा दिवसांत प्रत्येक विद्यार्थ्याने स्वतःच्या हाताने आभाराचं पत्र लिहावं, हा दुसरा.

दुसरा वाचून सर गालात हसले. गेल्या वर्षी पाणी गाळायचं यंत्र देणाऱ्या गृहस्थांना आभाराची पत्रं पाठवायला शाळेने आठ महिने लावले होते. ते गृहस्थ अजूनही मोठ्या बाई समोरून आल्या की पलीकडच्या फुटपाथवर जातात.

“पत्रं आत्ताच लिहून ठेवायची!” सरांनी सव्वीस जणांना एका वर्गात बसवून जाहीर केलं.

“पण सर, सायकली कुठं मिळाल्यात?”

“मिळाल्या असं समजा! डोळे मिटा. कसं वाटतंय?”

“वारा लागतोय, सर!”

“शाबास! तेच लिहा!”

मुलांनी असं काही लिहिलं की विचारू नका! एकाने आजोबांना डबलसीट दवाखान्यात नेलं आणि आजोबा बरेही झाले. एकीने घंटा वाजवून शेळ्यांचा अख्खा कळप बाजूला केला. एकजण दोनदा पडला, पण ‘लागले नाही, काळजी नसावी’ असं त्याने न विसरता कळवलं. गवंड्याच्या थोरलीचं पत्र एकाच ओळीचं होतं. ‘सायकल मिळाल्यामुळे मला शाळा सोडावी लागली नाही.’ सरांनी ते वाचलं, चष्मा पुसला आणि उगाच त्यात चुका शोधत बसले. एकही नव्हती.

पत्रं पाकिटात घातली, पाकीट चिकटवलं, पत्ता लिहिला, तिकिटंसुद्धा लावली आणि सरांनी ते घरच्या खणात ठेवून दिलं. सायकली आल्या की नुसतं पेटीत टाकायचं! खरा अर्ज मात्र शाळेतच होता, सहीविना. मोठ्या बाई दाढ काढायला गेल्या होत्या.

आणि सरांच्या बायकोने रविवारी खण आवरायला घेतला.

आता तुम्हीच सांगा, चिकटवलेलं, पत्ता घातलेलं, तिकिटं लावलेलं पाकीट हाताला लागलं तर शहाणं माणूस काय करेल? तिने ते टपालात टाकलं. वर नवऱ्याला बोललीही नाही. विसरला म्हणून बिचाऱ्याला वाईट वाटायला नको!

बुधवारी शाळेच्या ऑफिसात फोन आला. निधीचे चिटणीस बोलत होते.

“भूगोलाचे सर ना? अहो, काय पत्रं! आमच्या अध्यक्षबाई दोनदा रडल्या! आजोबांच्या पत्राला तर तीनदा!”

सरांच्या हातातला खडू मोडला. “कुठली पत्रं?”

“सायकलींची हो! इतक्या लवकर आभार आजवर कुणी मानले नाहीत. खरं सांगू? सायकली आपण कधी पाठवल्या तेच मला कागदांत सापडेना. माझ्याकडून होतं असं कधीकधी, बाईंना बोलू नका. पण सव्वीस मुलं काय खोटं बोलणारेत? मी तुमच्या शाळेचं नाव मदत मिळालेल्यांच्या वहीत पक्क्या शाईने लिहून टाकलं! आता पाच वर्षं डोक्याला अर्जाची कटकट नाही!”

सर मटकन खुर्चीत बसले. खुर्ची दोन हात लांब होती.

“आणि शुक्रवारी अध्यक्षबाई स्वतः येताहेत. मुलांना सायकल चालवताना बघायचंय त्यांना!”

“या… या ना,” सर जमिनीवरून म्हणाले.

मोठ्या बाईंचा गाल फुगून नारळाएवढा झाला होता, बोलायची सोय नव्हती. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि चिठ्ठी लिहिली. ‘आजच फोन करून खरं सांगा.’ ‘आजच’खाली तीन रेघा.

सरांनी फोन केला की! तीनदा केला!

“चिटणीससाहेब, एक सांगायचं होतं…”

“बोला ना.”

“तब्येत कशी आहे आपली?”

दुसऱ्या वेळी त्यांनी हवामानाची चौकशी केली. तिसऱ्या वेळी अध्यक्षबाईंना चहात साखर किती लागते ते विचारून घेतलं. चिटणीसांनी फोन ठेवताना म्हटलं, “काय अगत्य आहे हो तुमचं!” सरांना रडू यायचं बाकी होतं. खरं सांगितलं तर निधी शाळेला लबाड ठरवणार. नाही सांगितलं तर नाव वहीत, सायकली हवेत, आणि पाच वर्षं दार बंद. गवंड्याच्या थोरलीकडे तर पाच आठवडेही नव्हते.

घरी बायकोला कळलं तेव्हा ती हातातलं काम टाकून खालीच बसली. “म्हणजे माझ्यामुळे झालं हे?”

“नाही गं. तिकिटं मी लावली होती.”

अशा वेळी पीटीचे सर धावून आले. हा माणूस धावून येतो तेव्हा समोरच्याने पळून जावं, असा शाळेतला अनुभव होता. “सायकली बघायच्यात ना त्यांना? मग दाखवू की! अख्ख्या गल्लीत सायकली आहेत!”

“आणि नंतर?”

“नंतरचं नंतर!”

‘नंतरचं नंतर’ हे शब्द सरांनी उभ्या जन्मात उच्चारले नव्हते. त्या दिवशी मात्र ते त्यांना फार गोड लागले.

शुक्रवारी सकाळी मैदानावर जे काही गोळा झालं, ते बघून मोठ्या बाईंनी दुसराही गाल धरला. पेपरवाल्याच्या दोन सायकली, पिशव्यांसकट. पोस्टमनची एक. पाववाल्याची, मागे एवढी मोठी पेटी. सुऱ्या-कात्र्यांना धार लावणाऱ्याची सायकल दगडी चाकासकट आली होती, आणि तो तिला सोडून हलायला तयार नव्हता. एक तीन चाकांची, तिच्यावर बदकाचं चित्र. असं करत करत पंचवीस जमल्या. सव्विसावी सरांच्या बायकोने हातगाडीवरून आणली. तिची घरातली व्यायामाची सायकल! तिला चाकंच नव्हती.

“बसा रे सगळे!” पीटीच्या सरांनी शिट्टी मारली.

कुणीच बसेना.

“बसा म्हणतो ना!”

“येत नाही, सर,” आजोबांना दवाखान्यात नेणारा म्हणाला.

“कुणालाच?”

“सायकल होती कुठं शिकायला?”

भूगोलाचे सर पांढरेफटक पडले. आयुष्यभर सगळ्याचा आधी विचार केलेला माणूस, आणि हा एवढा साधा विचार राहून गेला होता! तेवढ्यात फाटकाशी गाडी थांबली. “हातात धरून चाला!” सर कुजबुजले. “रुबाबात चाला!”

अध्यक्षबाई बुटक्या, काठी टेकत येणाऱ्या. काखेतल्या पर्समधून पत्रं डोकावत होती. मागे वही घेऊन चिटणीस. त्यांच्यासमोरून संचलन निघालं आणि दहा पावलांवर पेपरवाल्याच्या सायकलीचं हँडल पाववाल्याच्या पेटीत अडकलं. पाववाल्याची पोस्टमनच्या सायकलीवर पडली, पोस्टमनची पुढच्या तिघांवर. धडाधड, धडाधड! मैदानभर सायकली लोळल्या आणि पोरं वर. बदकवाली तेवढी एकटीच घरंगळत मोठ्या बाईंच्या पायाशी येऊन थांबली. या सगळ्या धुळीत व्यायामाच्या सायकलीवरचा पाचवीतला पोरगा मात्र घाम गाळत जिवाच्या आकांताने पायडल मारत होता.

“तो एकटाच छान चालवतोय,” अध्यक्षबाई म्हणाल्या. “पण पुढे का येत नाही तो?”

मग त्यांनी पर्समधून एक पत्र काढलं, एका ओळीचं. “ही मुलगी कोण?”

गवंड्याची थोरली पुढे आली. तिच्या हातात धार लावणाऱ्याची सायकल होती, आणि सायकलीचं दुसरं टोक धरून धार लावणारा.

“चालवून दाखव बघू.”

“येत नाही.”

“मग शाळेत कशी येतेस?”

“चालत.”

“मग पत्रात हे काय लिहिलंस?”

“सर म्हणाले, सायकल मिळाली असं समजा. मी समजले.” तिने खाली बघितलं. “रोज चालताना समजते मी तसं. म्हणजे रस्ता लवकर संपतो.”

मग मात्र भूगोलाच्या सरांना राहवेना. त्यांनी सगळं सांगून टाकलं: पत्रं, खण, तिकिटं, तब्येतीची चौकशी. “मुलांचा दोष नाही, बाई. माझा आहे. मला लबाड म्हणा, हवं तर माझं नाव वहीत लिहा. पण शाळेचं खोडा. हिच्याकडे पाच वर्षं नाहीत.”

“पक्क्या शाईने लिहिलंय,” चिटणीस हळूच म्हणाले. “आणि आपल्या वहीत खाडाखोड चालत नाही. अध्यक्षबाईंचाच नियम आहे.”

अध्यक्षबाईंनी पर्समधून सगळी पत्रं बाहेर काढली.

“ही पत्रं मी माझ्या बहिणीला वाचून दाखवली,” त्या म्हणाल्या. “डॉक्टरांना दाखवली. शेजारीण चार वर्षं बोलत नव्हती माझ्याशी, तिलाही दाखवली. ती आता रोज चहाला येते. हे सगळे आभार मी आता परत कसे करू? फुकटचे आभार मी जन्मात घेतले नाहीत! चिटणीस, वहीत नाव आहे ना?”

“आहे.”

“खोडायचं नाही ना?”

“नाही.”

“मग खरं करा! सव्वीस सायकली, या महिन्यात!” मग काठी सरांच्या पोटाशी आली. “आणि तुम्ही! पुन्हा पोरांकडून न मिळालेल्या वस्तूचं पत्र लिहून घेतलंत, तर ही काठी बोलेल.”

मोठ्या बाईंनी तिथल्या तिथे अर्जावर सही केली. सरांनी तो चिटणीसांच्या हातात दिला तेव्हा त्यांचे डोळे वाहत होते, आणि ते लपवायचीही त्यांना शुद्ध नव्हती.

सायकली आल्या, सहामाहीच्या आठ दिवस आधी. पीटीचे सर मैदानावर शिकवायला लागले आणि शाळेतलं मलम दोन दिवसांत संपलं. पण गवंड्याची थोरली मैदानावर थांबायची नाही. पहिल्याच सकाळी ती सायकलवर बसून आली, आणि सीट घट्ट धरून मागून तिचा बाप धावत आला. पाच किलोमीटर! “पडेल बिडेल एकटी,” तो धापा टाकत म्हणाला. “मुकादमाला सांगितलंय, पोर सायकल शिकतेय, तासभर उशिरा येईन.” संध्याकाळी पुन्हा फाटकाशी हजर. वाटेत तो तिला पाढे विचारायचा म्हणे, त्याला स्वतःला येत नव्हते तरी.

दोन आठवडे हेच चाललं. बाकीची पोरं एव्हाना हात सोडून सायकल चालवायला लागली होती. शेवटी सरांनी थोरलीला व्हरांड्यात गाठलं. “काय गं, एवढी हुशार तू, तुला अजून जमत कसं नाही?”

तिने इकडे तिकडे बघितलं. “चौथ्या दिवशीच जमलं, सर,” ती कुजबुजली. “बाबांना सांगू नका.”

दुसऱ्या दिवशी सकाळी गवंड्याने फाटकाशी सीट सोडली, शर्टाने तोंड पुसलं आणि सरांना विचारलं, “अजून किती दिवस लागतील हो हिला?”

थोरली सायकलच्या घंटेकडे बघत उभी होती.

“लागतील अजून पुष्कळ,” भूगोलाचे सर म्हणाले. “अशा कामात घाई करून चालत नाही.”