भोंग्याचा निरोप

थापा मारण्यात माझा हात धरणारा अजून जन्माला यायचाय, हे आधीच सांगून ठेवते! आमची मांजर गाळलेलं पाणीच पिते, हे मी व्याह्यांना असं पटवलं होतं की ते अजून तिच्यासाठी गाळणं घेऊन येतात. तेव्हा एका बॉयलरवाल्याला गुंडाळणं म्हणजे माझ्या डाव्या हातचा मळ.

आमच्या गल्लीच्या टोकाला सूत रंगवायचा कारखाना आहे. हे तिथे बॉयलरवर होते आणि भोंगाही हेच वाजवायचे. घरात ह्यांच्या तोंडून शब्द काढणं म्हणजे गंजलेला नळ सोडणं. पण संध्याकाळी पाळी सुटली की भोंग्याची साखळी अशी ओढून धरायचे की आमच्या फडताळातल्या बश्या नाचायच्या. मी समजायचे, निघाले. चहाचं आधण ठेवायचे. पुढे हे गेले, कारखान्यात बेल आली आणि भोंग्याचं तोंड बंद झालं. भिंतीवर ह्यांचा फोटो आहे, पण फोटोला आवाज नसतो हो.

आता माझा मुलगा तिथे सेफ्टीचा साहेब आहे. सरकारने योजना काढली : कारखान्याने धूर गाळायचं यंत्र बसवावं, जुना बॉयलर बदलावा, कामगारांना टोप्या-बूट द्यावेत, आधी आगीच्या सरावाच्या तपासणीत पास झालात की खर्चातला मोठा वाटा सरकारचा. मुलगा वर्षभर त्याच्या मागे हात धुऊन लागला होता. अनुदान बुडालं तर मालक तोच म्हातारा बॉयलर पुढे रेटणार आणि माझं पोर रोज त्याच्याच शेजारी उभं राहणार. हे मलाही कळत होतं. पण बॉयलर भंगारात निघाला की भोंगाही जाणार होता. जाण्याआधी मला तो एकदा ऐकायचा होता. एकदाच.

मुलाजवळ विषय काढला, तर म्हणाला, तपासणीच्या दिवशी तू गेटाकडे फिरकू नकोस.

मग मी वाफोबाला गाठलं. हा बॉयलरवाला, ह्यांच्याच हाताखाली शिकलेला. त्याला म्हटलं, सरकारचा नवा नियम आलाय, जुन्या भोंग्याला तपासणी-साहेबांसमोर मानाने निरोप द्यायचा. सरावाला आगीची नवी घंटा वाजली की लगेच.

"साहेब माझ्याशी काही बोलले नाहीत," वाफोबा म्हणाला.

"घरी बोलले. मी काय परकी आहे?"

झालं! तपासणीच्या दिवशी मुलाचा चष्मा घरी राहिला. म्हणजे मी राहू दिला. तो घेऊन गेटावर गेले. घरच्या खिडकीतूनही भोंगा ऐकू आला असता, पण मला हावरटासारखा जवळून ऐकायचा होता. वॉचमनने माझ्या अंबाड्यावर पिवळी टोपी ठोकली, कानांवर वाट्यांसारखी जाड झाकणं बसवली, हनुवटीखाली पट्टा आवळला. नवीन नियम, म्हणाला. सगळं अनुदानासाठी. मी थेट बॉयलरच्या दारात जाऊन उभी राहिले.

तपासणी-साहेबांनी सराव सुरू करायला सांगितला. आग लागली असं समजून सगळ्यांनी शिस्तीत बाहेर मैदानात जायचं. नवी घंटा वाजली असावी, कारण कामगार ओळीने निघाले. मुलाच्या चेहऱ्यावर नव्या नवऱ्याचं तेज!

आणि वाफोबाने साखळी ओढली.

वाफ उसळलेली मला दिसली. पत्र्यावरची कबुतरं उडाली. मी पट्ट्याशी झटत होते, तर त्याची कडी अंबाड्याच्या जाळीत अडकलेली! टोपी हलेना, झाकणं निघेनात. कुठेतरी लांब कुणाचा तरी कुकर होतोय, एवढंच मला ऐकू आलं.

गल्लीला मात्र व्यवस्थित ऐकू गेलं. कारखान्यातून निवृत्त झालेले सगळे म्हातारे पाळी लागल्यासारखे उठले आणि गेटातून आत घुसले. एकजण अर्धी दाढी करून, दुसरा बायकोच्या चपला घालून. बाहेर येणारे कामगार आणि आत जाणारे म्हातारे गेटात असे अडकले की बरणीच्या तोंडात मूठ!

भोंगा थांबल्यावर माझी झाकणं एकदाची निघाली, तेव्हा तपासणी-साहेब मुलाला विचारत होते, "आग लागल्यावर तुमच्याकडे माणसं आत धावतात?"

वाफोबाने निरोपाची सगळी हकीकत मोठ्या अभिमानाने सांगितली. मुलाने माझ्याकडे पाहिलं. मी त्याला चष्मा दिला.

साहेबांनी भोंग्याचा पाइप तिथल्या तिथे कापायला लावला आणि पुढच्या आठवड्यात पुन्हा सराव घ्यायला सांगितला. तो नीट झाला, अनुदानही आलं. नवा बॉयलर मांजरासारखा गुरगुरतो, धुराची काजळी नाही म्हणून दोरीवरची साडी आता पांढरीच वाळते आणि मुलगा माझ्याशी बोलायला लागलाय, तुटक तुटक.

त्या संध्याकाळी मात्र सगळी गल्ली आमच्या ओट्यावर जमली होती. अर्ध्या दाढीवाल्याचे डोळे भरून आले होते. "वहिनी, तोच आवाज हो. दादाच साखळी ओढतायत असं वाटलं. तुम्हाला नाही वाटलं?"

"वाटलं तर," मी म्हटलं. "अगदी तस्सा."

मग हळूच त्यांना विचारलं, म्हणजे नेमका कसा, जरा वाजवून दाखवता का?