आल्या वाटेनं परतायचं न्हाय

भिवंडीजवळच्या वळ गावात माझं एस.टी.डी. बूथ आहे आणि बरोबर समोर बाळाराम नानांचं घर. मध्ये फक्त रस्ता. फोन करायला नाना सरळ रस्ता ओलांडून येतात. परत जाताना मात्र मागच्या गोडाऊनला वळसा घालतात, उभ्या ट्रकांमधून वाट काढतात, देवळामागून फिरतात आणि पंधरा मिनिटांनी समोरच्या दारात उगवतात. मी एकदा न राहवून म्हटलं, "नाना, दहा पावलांवर घर आहे तुमचं."

"आल्या वाटेनं परतायचं न्हाय. ढोरांचा कायदा हाय. गेल्या वाटेचं गवत खाऊन झालेलं असतं. तीच वाट धरली तं ढोर उपाशी घरी येतं."

"पण तुम्ही ढोर नाही."

"तुला काय ठावं?" नाना म्हणाले आणि गोडाऊनमागे दिसेनासे झाले.

आता ढोरंही राहिली नाहीत. चराईच्या जागेवर गोडाऊन उभं राहिलं, दावणी रिकाम्या झाल्या, तेव्हा नानांनी आम्हालाच चरायला न्यायला सुरुवात केली. भिवंडीत कापडाचे लूम शुक्रवारी बंद, त्यामुळे आमची सुट्टी शुक्रवारची. दिवाळी ते होळी, दर शुक्रवारी सकाळी जीप अकलोलीला. तिथं गरम पाण्याच्या कुंडाशी नानींना बसवायचं, कारण त्यांच्या डाव्या अंगावरून वारं गेलेलं. सोबतीला ड्रायव्हरची बायको. मग नाना, लूमचे यादव मिस्त्री, मी आणि आणखी दोघं डोंगराला लागायचो. माळ, दोन पाडे, एक गाव असं करत गोल फिरून पलीकडच्या अंगानं पुन्हा अकलोलीत.

नाना अंतर रवंथात सांगतात. "तो पाडा ना, एका रवंथावर हाय." त्या हिशेबानं आम्ही दीड तास चालतो. नानांच्या ढोरांची पोटं फार मोठी असावीत. प्रत्येक वळणावर ते आम्हाला मोजतात, काठीनं, एकेकाकडं रोखून. चार डोकी मोजायला माणसाला काठी कशाला लागते, हे विचारायची सोय नाही.

आणि मिरवणं तर विचारू नका. कमरेएवढं गवत दाखवून म्हणणार, "मुंबईच्या म्हशी हे खातात, म्हणून तिथल्या च्याला चव." पाड्यातल्या कुडाच्या भिंतीवर हात फिरवून, "हात लाव. वैशाखात पन गार. तुझ्या बूथला पंखा लागतो." डोंगरापलीकडचं गाव आलं की छाती दोन इंच पुढं. ती त्यांची सासरवाडी. तिथं अजून जीप जात नाही, याचाही त्यांना अभिमान.

सगळ्यात वेड्यासारखी गोष्ट म्हणजे त्यांची बाटली. माणसं भरलेली बाटली घेऊन डोंगर चढतात आणि रिकामी घेऊन उतरतात. नाना रिकामी नेतात, सासरवाडीच्या विहिरीवर काठोकाठ भरतात आणि उतरताना कोणाला घोटभर देत नाहीत. "जीपला लागतं," एवढंच सांगतात. यादव मिस्त्री एकदा तहानेनं कळवळून म्हणाले, "नानाजी, हम से अच्छी तो आप की जीप है."

होळीआधीच्या शेवटच्या शुक्रवारी घोटाळा झाला. दुसरा पाडा ओलांडला आणि बघतो तर माळावर आडवं तारेचं कुंपण. कोणीतरी फार्महाऊससाठी जागा घेतली होती. नानांचा गुडघा सकाळपासून सुजलेला. डोंगराच्या कडेकडेनं वळसा घ्यावा तर अंधार पडणार.

"वापस चलते हैं, नानाजी," मिस्त्री म्हणाले. "एक दिन से क्या होता है?"

मलाही तेच हवं होतं. मी म्हटलं, "नाना, आज कायदा राहू दे. आम्ही उपाशी नाही."

नाना दगडावर बसले. बराच वेळ गुडघा चोळत राहिले.

"मागं एकदा परतलो इथनंच," ते म्हणाले. "ताप होता. खाली अकलोलीच्या नळावर बाटली भरली नि कुंडावर तिला दिली. म्हटलं, पानी ते पानी. तिनं एक घोट घेतला, झाकन लावलं नि बाजूला ठेवली. काय बोलली न्हाय. बोलली असती तं बरं झालं असतं."

मला त्यांचं 'जीपला लागतं' आठवलं आणि माझीच लाज वाटली. नाना उठले, काठी पलीकडं टाकली आणि सत्तरीचा तो माणूस पांढऱ्या सदऱ्यासकट आडवा होऊन तारेखालून सरपटत गेला. सदरा पाठीवर फाटला. मिस्त्रींनी तार वर उचलून धरली आणि आम्ही एकेक करत त्यांच्या मागोमाग पलीकडं गेलो. तिथं नानांनी आम्हाला मोजलं.

गावात विहिरीशेजारी ओल्या गाळाचा ढीग पडला होता. नानांच्या मेहुण्याच्या बायकोनं पाणी ओढून दिलं. उतरताना ती बाटली मी मागितली आणि पहिल्यांदाच नानांनी ती दुसऱ्याच्या हाती दिली. मी ती दोन्ही हातांनी धरून आणली.

अकलोलीत पोचलो तेव्हा ऊन कलंडलं होतं. नानी कुंडात पाय सोडून बसल्या होत्या.

"सदरा कुठं फाटला?"

"काटा लागला," नाना म्हणाले आणि बाटली पुढं केली.

नानींनी एक घोट घेतला. तोंडात धरला. आम्ही पाचही जण परीक्षेच्या निकालाला उभं राहिल्यासारखे.

"वैनीनं गाळ काढलेला दिसतो बावीचा," नानी म्हणाल्या.

नानांनी आमच्याकडं असं पाहिलं, जणू त्यांच्या गाईनं जत्रेत पहिला नंबर काढला होता. "बघितलंस? एका घोटात."

"आता सांगा," नानी म्हणाल्या. "वरच्या आळीपासनं. एक घर सोडायचं न्हाय."

नाना त्यांच्याजवळ पायरीवर बसले आणि सांगू लागले. कोणाच्या दारात वाल वाळत घातलेत, कोणाची गाय व्यायलीय, कोणाच्या कुडाला नवं शेण लागलंय. नानींचा उजवा पाय पाण्यात घरागणिक पुढं होत होता. जीप तयार होती, पण त्यांची फेरी खालच्या आळीपर्यंत पुरी होईस्तोवर आमच्यातला कोणीही जागचा हलला नाही.