जावयाने दाबलेलं बटण

सासऱ्यांनी बिलिंगच्या कॉम्प्युटरसमोरची खुर्ची जावयाला दिली ती फक्त पाच मिनिटांसाठी, आणि तेवढ्यात जावयाने दुकान बंद पाडलं.

म्हणजे, सगळ्यांचं म्हणणं तसं होतं. दुकान बटणं, लेस आणि शिवणदोऱ्यांचं. जावई त्याच सकाळी पाहुणा म्हणून आलेला. सासरे चहाला आत गेले आणि स्क्रीनवर चौकट आली, 'कॉम्प्युटर पुन्हा सुरू करा.' खाली एकच बटण होतं. जावयाने ते दाबलं. माणूस तरी काय करणार!

पाऊण तास नुसतं गोल गोल फिरत राहिलं. मग सगळं नवंकोरं, निळंशार दिसू लागलं. फक्त बिलिंग उघडेना. 'हा प्रोग्रॅम या आवृत्तीवर चालत नाही,' एवढंच यायचं.

"काय केलंत?" सासऱ्यांनी विचारलं. लग्नाला चार वर्षं झाली तरी ते जावयाशी याहून लांब वाक्य बोलले नव्हते.

"काही नाही. होईल ठीक," जावई म्हणाला. तो पाण्याच्या पंपांच्या कंपनीत विक्री बघायचा. पण चष्मेवाल्या माणसाला कॉम्प्युटर येतोच, अशी सासरची समजूत होती, आणि ती मोडायची त्याची छाती नव्हती.

मोबाईलवर शोधून त्याने 'जुन्या पद्धतीने चालवा'वर खूण केली. बिलिंग उघडलं! पण अक्षरांच्या जागी नुसते चौकोन.

"सहा बटणं द्या हो, संध्याकाळी कोट द्यायचाय," रांगेतल्या पहिल्या शिंपीणबाई म्हणाल्या.

जावयाने अंदाजाने एक चौकोन निवडला. प्रिंटर घरघरला आणि एका ओळीत एक चौकोन असं छापत सुटला. कागद काउंटरवरून उतरून दारापर्यंत गेला. शिंपीणबाईंनी गळ्यातली टेप काढून तो मोजला.

"अडीच मीटर भरतोय. बटणं कधी देताय?"

सासूबाई बाहेर आल्या, न बघता एक डबा ओढला आणि सहा बटणं पुडीत बांधून दिली. रांग त्यांच्याकडे वळली. सासरे मात्र स्क्रीनकडे बघत उभे होते.

"तीन हजार बटणं," ते पुटपुटले. "प्रत्येकाला नाव मी दिलं होतं. रुसलेला हिरवा. मावशीचा कोट. सगळी गेली."

प्रोग्रॅम लिहिणाऱ्या गृहस्थांचा नंबर पहिल्याच पानावर होता, पण त्याचेही चौकोन झाले होते. सुदैवाने सासूबाईंना तो पाठ होता.

ते गृहस्थ आता मोटार चालवायला शिकवायचे. शिकाऊ विद्यार्थिनीलाच गाडी चालवायला लावून आले.

"अजून चालतंय हे? माझं पहिलंवहिलं काम!" त्यांचे डोळे भरून आले. खिशातल्या पेन ड्राइव्हमधून त्यांनी जुनी अक्षरं बसवली, प्रिंटरला समजावलं, आणि एकेक नाव परत आलं. सासऱ्यांनी खुर्चीची पाठ घट्ट धरली होती ती सोडली.

"आता बघू, हे अपडेट घ्यायला हो म्हणालं कोण," गृहस्थांनी एक पान उघडलं. 'परवानगी दिली : मंगळवार, दुपारी दोन चाळीस.'

आज शुक्रवार होता. एरवी या खुर्चीवर फक्त सासरेच बसायचे. त्यांचे कान लाल झाले.

"मीच ते," जावई घाईने म्हणाला.

"मंगळवारी?"

"मोबाईलवरून. लांबून होतं हल्ली."

गृहस्थांनी शहाणपणाने ते पान बंद केलं. सासरे दुसरी खुर्ची ओढून जावयाला म्हणाले, "बसा असे जवळ. एकेका बटणाला ते नाव का पडलं, ते सांगतो तुम्हाला."

दीड तास सांगत होते. जावई पाणी प्यायला आत आला तेव्हा सासूबाईंनी त्याला बाजूला घेतलं.

"मंगळवारी दोन चाळीसला हे घोरत होते. धूळ पुसताना माझ्याच हातून दाबलं गेलं ते."

"अहो, मग सांगायचं ना त्यांना!"

"कशाला?" सासूबाई कुजबुजल्या. "बोलतायत ना तुमच्याशी!"