फाइल रमाकांत वापरत आहेत

मोहनाच्या लग्नपत्रिकेत दत्ताजीरावांचे नाव रमाकांतांच्या खाली पडले होते. थोरल्या चुलतभावाचे नाव खाली म्हणजे लग्नावर बहिष्कार, याबद्दल घराण्यात दुमत नव्हते. लहरीपुऱ्यातला छापखाना पाचला बंद होणार होता. साडेतीनला रमाकांतांनी निमंत्रकांतली आपली ओळ कापून उचलली. ती दत्ताजीरावांखाली चिकटवणार, तोच संगणकाचा पडदा थिजला. मग एक चौकट उमटली : प्रोग्राम बंद करावा लागत आहे. त्यांनी तो बंद केला आणि फाइल पुन्हा उघडली.

‘ही फाइल रमाकांत वापरत आहेत. तुम्ही ती फक्त वाचू शकता.’

“अगं मोहना, रमाकांत तर मीच!”

“बाबा, मेलेला प्रोग्राम आत अजून जिवंत आहे. तुमच्या नावानं त्यानं फाइल धरून ठेवलीय.”

“मग सोड म्हणावं त्याला!”

“एका रमाकांतानं जीव नकोसा केलाय,” स्वयंपाकघरातून मोहनाची आई शैलाताई म्हणाल्या, “आता हा दुसरा कशाला?”

मोहनाने संगणक बंद करायला सांगितला. बंद होता होता त्याने विचारले, प्रोग्राम उत्तर देत नाही, वाट पाहायची का? कचेरीत तीस वर्षे ‘उत्तराची वाट पाहावी’ असे शेरे मारलेले रमाकांत हात जोडून बसले. खिडकीबाहेर मांजलपूरची दुपार राखेसारखी विझत गेली. उत्तर आले नाही.

“बाबा! वीस मिनिटं झाली!”

“त्यानं विचारलंय गं. नाही कसं म्हणायचं?”

मोहनाने सरळ प्लग उपटला.

संगणक पुन्हा सुरू झाला तेव्हा त्याने आपण होऊन एक ‘वाचवलेली प्रत’ पुढे केली. दत्ताजीराव सर्वांत वर, ध्रुवताऱ्यासारखे अढळ.

“अहो, एकदा नीट वाचा तरी!”

“वरचं नाव बघितलं ना? चलो, निघतो!” फ्लॉपी खिशात घालून त्यांनी स्कूटरला किक मारली.

पाचशे पत्रिका छापल्या आणि वाटल्याही गेल्या. चौथ्या दिवशी दत्ताजीरावांचा फोन आला.

“रमाकांता, माझं एकट्याचं नाव! एवढं मोठं मन कुणाचं असतं रे!”

रमाकांतांनी पत्रिका उघडली. यंत्राने इमानाने नेमका तोच क्षण वाचवला होता : त्यांची ओळ उचललेली, पण अजून ठेवलेली नव्हती. ‘आमची कन्या मोहना हिच्या विवाहास अगत्य यावे’, आणि खाली एकटे दत्ताजीराव.

“आणि हे बघ,” पलीकडून भारावलेला आवाज आला, “तू सहकुटुंब यायचंस. निमंत्रक म्हणून माझा आग्रह आहे.”

“बघतो, दादा,” रमाकांत म्हणाले. “त्या दिवशी घरचंही एक कार्य आहे.”