खांदेपालट

"चौथ्या मजल्यावर पुन्हा पैलवान? नाही. त्याला आज बाकावर बसवा," मोबाइलवरची नजर न हलवता मुकादमांनी फर्मावलं.

"बाकावर? तिथं पुष्पचक्रं ठेवलीत," लंबू म्हणाला. अंत्यविधीच्या पेट्या वाहणाऱ्या त्या कचेरीत बाक एकच होता, आणि लंबू सर्वांत जुना खांदेकरी.

मुकादम मोबाइलवर बास्केटबॉलचा संघ चालवत. त्यात चेंडूला हात लावायचा नसतो. कोणाला किती वेळ खेळवायचं, एवढंच ठरवायचं. नियम मोठा निष्ठुर. ज्याला फार खेळवलं त्याचा दम तुटतो, ज्याला फार बसवून ठेवलं त्याला गंज चढतो. बेताने खेळवलेलाच तंदुरुस्त राहतो. हे उमगल्यापासून मुकादमांचा संघ तळातून वर सरकला होता. खांदेकऱ्यांचं मात्र उलट चाललं होतं. प्रत्येक जड पेटीला पैलवान पुढे. त्यामुळे त्याचे गुडघे गेले आणि बाकीचे बसून सुटले. मागची पेटी जिन्यात कठड्यावर आपटली, तेव्हा मालकीणबाईंनी स्वच्छ सांगितलं होतं, "आणखी एक तक्रार आली, की तुमचीच रवानगी."

म्हणून आज योजना होती. मृत बेकरीवाला देहाने दांडगा, आणि पेटी लिफ्टमध्ये मावेना. दुसऱ्या मजल्यावर दोन ताजे गडी उभे करायचे. मुकादम "बदल" म्हणाले, की पुढचे दमलेले दोघे बाहेर, ताजे आत.

"चालत्या पेटीखालून माणूस काढायचा?" लंबूने विचारलं.

"मैदानात काढतातच की."

"मैदानात खांद्यावर प्रेत नसतं, मुकादम."

दुसऱ्या मजल्यापर्यंत सगळं सुरळीत आलं. मुकादम खालच्या पायरीवरून ओरडले, "बदल!"

खांदेकऱ्यांच्या धंद्यात "बदल" म्हणजे ओझं उजव्या खांद्यावरून डाव्यावर घेणं. बापजाद्यांपासून तोच अर्थ. मागचा लंबू आणि त्याचा जोडीदार सवयीने खांदा बदलायला वळले, पुढचे दोघे हुकमाप्रमाणे बाहेर पडले, आणि ताजे दोघे आत शिरेपर्यंत पेटी निघालीसुद्धा. मुकादम भिंतीला चिकटले म्हणून वाचले. पेटी एकटीच एक मजला उतरली आणि एका बंद दारावर धाडकन आदळली. झाकण टिकलं, एवढीच काय ती देवाची कृपा.

दार उघडलं. आत म्हातारा शिंपी, गळ्यात टेप. मागून आलेल्या बेकरीवाल्याच्या बायकोने तोंडावर हात धरला. पोत्यातलं पीठ जिन्यात सांडण्यावरून या शिंप्याचं आणि तिच्या नवऱ्याचं वाजलं होतं, ते इतकं की दोघांनी पुढे एकमेकांचं तोंड पाहिलं नाही.

"कोण आहे?" शिंप्याने विचारलं.

"हेच आहेत," ती म्हणाली.

शिंपी पेटीकडे वळला. "आलास?" तो म्हणाला. "जरा आधी यायला काय झालं होतं रे?"

मग अनवाणीच बाहेर येऊन त्याने पुढचा खांदा दिला. ताज्यांपैकी एक गडी पळून गेला होता, दुसरा मटकन खाली बसला होता. तेव्हा शेजारचा खांदा मुकादमांनाच द्यावा लागला. गाडीपर्यंत पोचेस्तोवर त्यांना घाम फुटला. मागे पायऱ्यांवर बाईचा हुंदका ऐकू येत होता. तक्रार येणार, यात शंका नव्हती.

संध्याकाळी मुकादमांनी गाडीच्या किल्ल्या मालकीणबाईंच्या टेबलावर ठेवल्या.

"या कशाला?" त्या म्हणाल्या. "बेकरीवालीणबाईंचा फोन होता. रडत होत्या. म्हणाल्या, जन्मभर विनवण्या केल्या, पण या दोघांना मला एका दारात आणता आलं नाही. तुमच्या माणसांनी आणलं."

मुकादमांनी दुखरा खांदा चोळला.

"उद्या एक बाई आहेत, पाचव्या मजल्यावर." मालकीणबाईंनी किल्ल्या परत सरकवल्या. "जावेशी बोलणं टाकलेलं होतं. जाऊबाई तिसऱ्यावर राहतात. घरचे विचारताहेत, तिथंही टेकवाल का? फक्त आवाज जरा कमी करा."