साइटवरचा उजवा कौल

ज्या गोष्टीचा निर्णय मनात आधीच झालेला असतो, तीच गोष्ट माणूस दुसऱ्याला विचारतो. या तत्त्वावर जगातल्या बहुतेक समित्या, सल्लागार आणि जावई चाललेले आहेत. मालवणच्या खाडीच्या आतल्या अंगाला असलेल्या गणपतच्या गावात मात्र विचारण्याची रीतसर सोय होती. गावदेवाला कौल लावायचा. धोंडू गुरव देवाच्या पाषाणावर दोन्ही अंगांना ओल्या पाकळ्या चिकटवी, गाऱ्हाणं घाली, आणि उजवी पाकळी आधी पडली तर होय, डावी पडली तर नाही. (डावी पडल्यास प्रश्न नीट विचारला गेला नव्हता असं समजून पुन्हा विचारायची मुभा होती. बहुतेक प्रश्न तिसऱ्या खेपेला नीट विचारले जात.)

देवळाची वेबसाइटही होती. तिच्यावर देवाचा फोटो, समितीचे अध्यक्ष भाई यांचा त्याहून मोठा फोटो आणि 'जत्रा पुढच्या महिन्यात' एवढं एकच वाक्य होतं. वर्षातून एक महिना हे वाक्य अगदी बरोबर असे, आणि सरकारी माहितीच्या मानाने हे प्रमाण चांगलंच म्हणायला हवं. पण मुंबईतले चाकरमानी कौलासाठी धोंडूला दिवसभर फोन करू लागले. ओल्या हाताने उचलून उचलून त्याचे फोन बिघडू लागले. तेव्हा समितीने ठराव केला की साइट डायनॅमिक करावी. म्हणजे पान आधीपासून तयार ठेवायचं नाही. कोणी विचारलं की आत विचारून तिथल्या तिथे तयार करायचं.

हे शिकायला कोणी जावं, यावर फार चर्चा झाली नाही. गणपतची बायको नर्मदा आदल्या वर्षी वारली होती आणि तो रिकामा होता. बायको गेलेल्या माणसाला काहीतरी शिकवावं असं गावाचं मत असतं. (बायको असताना शिकवण्याचं काम घरातच होत असे.) नर्मदा असताना दोघं मिळून पर्यटकांना दोन खोल्या द्यायची. पाहुण्याने काहीही विचारलं की ती होय म्हणायची, आणि मग गणपतला ते करावं लागायचं. आता खोल्या बंद होत्या. मुलगा विनीत डोंबिवलीला होता. वडिलांनी घराला कुलूप लावून आपल्याकडे यावं असं त्याचं म्हणणं होतं. गणपतला घर सोडायचं नव्हतं. पण तुम्हाला काय हवं, असं त्याला कोणी विचारलं नव्हतं, आणि न विचारता सांगायची त्याला सवय नव्हती.

तो कणकवलीला प्रशिक्षणाला गेला. शिकवणारी संचिता त्याच्या मुलाहून लहान होती. तिने सांगितलं की पान मागणाऱ्याला फक्त आलेलं उत्तर दिसतं. ते ज्या ओळींनी तयार झालं त्या सर्व्हरवर राहतात, त्या कोणाला दिसत नाहीत.

"म्हणजे गाभारा," गणपत म्हणाला.

"तसंच समजा, काका."

पुढचं शिक्षण त्यामुळे सोपं गेलं. ओळीच्या शेवटी एक अर्धविराम द्यायचा राहिला की सगळं पान कोरं पडतं, हेही त्याला पटलं. गाऱ्हाण्यात पूर्वजांपैकी एकाचं नाव राहिलं तर असंच होतं.

पहिला धडा नमस्काराचा होता. चौकटीत नाव लिहायचं, की सर्व्हर त्या नावाने स्वागत करतो. इतरांनी आपापली नावं लिहिली. गणपतने नर्मदा लिहिलं. 'नमस्कार नर्मदा, आपलं स्वागत आहे.' त्याने पान पुन्हा मागवलं. पुन्हा स्वागत झालं. संचिताने काही अडलंय का म्हणून विचारलं.

"माणूस आहे की नाही, हे हा तपासत नाही?"

"नाही काका. दिलेलं नाव दाखवतो."

"बरं आहे," गणपत म्हणाला, आणि आणखी एकदा पान मागवलं.

गावात परतल्यावर, मशीनने कौल द्यावा का, असा देवालाच कौल लावण्यात आला. उजवा मिळाला. (तिसऱ्या खेपेला.) मग गणपतने स्क्रिप्ट लिहिली. प्रश्न आला की सर्व्हरने मनातल्या मनात उजवं किंवा डावं काढायचं आणि पाकळी पडल्याचं चित्र दाखवायचं. धोंडूची हरकत एवढीच होती की गाऱ्हाण्याशिवाय कौल होत नाही, आणि प्रत्येक वाक्याला 'व्हय म्हाराजा' म्हणणारे चार जण नसतील तर ते गाऱ्हाणं नव्हे. म्हणून प्रत्येक वाक्यानंतर 'व्हय म्हाराजा' असं बटण ठेवण्यात आलं आणि ते निदान चार वेगळ्या फोनांवरून दाबल्याखेरीज पुढे सरकायचं नाही अशी तजवीज झाली. मुंबईत या कामासाठी शेजारी बोलावले जाऊ लागले. काही सोसायट्यांत माणसांची पहिली ओळख याच बटणावर झाली.

साइट उत्तम चालली. पहिल्या पाहणीनुसार शंभरातल्या नव्वद भाविकांना हवा तोच कौल मिळाला. उरलेल्या दहांचं नेट गेलं होतं. नव्वदांची पद्धत साधी होती. उजवा येईपर्यंत पान पुन्हा मागवायचं.

अडचण आली ती एका सामाईक आंब्याच्या कलमावरून. दोन भावांनी तेच झाड मागितलं, दोघांनाही उजवा मिळाला आणि दोघेही आपापल्या कौलाचा फोटो काढून समितीपुढे आले. एकाने दुसऱ्याला सांगितलं की तू डावा आला तेव्हा फोटो काढला नाहीस. दुसऱ्याने विचारलं की तुला कसं माहीत. भाईंनी दोघांना चहा पाजला आणि गणपतला बाजूला घेतलं.

"गणपत, भाविक नाराज होता नये. काय तां आत बघ."

गणपतने आत बघितलं. सर्व्हर उजवं की डावं हे ठरवत बसतो, ती ओळच त्याने काढली. तिच्या जागी एक छोटी ओळ लिहिली. कोणीही, काहीही विचारलं तरी उजवा. नर्मदाने हेच केलं असतं. तक्रारी त्या दिवसापासून थांबल्या. भाईंचा सत्कार झाला. पान पुन्हा पुन्हा मागवावं लागत नसल्याने सर्व्हरवरचा ताणही कमी झाला. दोन्ही भाऊ साइटवर खूश होते. झाडावर मात्र कोणीच चढत नव्हतं.

मग विनीतचा कौल आला. फोनवर पाकळीचं चित्र होतं आणि वर त्याचा प्रश्न. 'बाबांनी घर बंद करून डोंबिवलीला यावं का?' उजवा. खाली त्याने लिहिलं होतं की देवानेच सांगितलं, आता बॅग भरा.

गणपत ओटीवर बसून ते चित्र बघत राहिला. ती ओळ त्यानेच लिहिलेली होती. ती खोटी म्हणावी तर गावातल्या सगळ्यांचे कौल खोटे, आणि खरी म्हणावी तर घराला कुलूप. मुलाचं नाव दिसताच डावा दाखव, अशी आणखी एक ओळ आत घालणं त्याला कठीण नव्हतं. गाभाऱ्यात कोण डोकावतो? त्याने ती ओळ लिहिली. मग शेवटचा अर्धविराम न देताच पुसून टाकली, आणि विनीतला फोन लावला.

"विनीत, तो कौल माझो आसा रे. कोणीय काय इचारल्यान तरी उजवोच येता. मीच तसो लिवलंय."

विनीत जराही दचकला नाही.

"माका म्हायत आसा, बाबा. मी आधी 'बाबांनी येव नये का' म्हणान इचारलंय. तेकाय उजवोच इलो. तो तुमका धाडूक नाय."

"मगे देवाक कित्याक इचारलंस? माका इचारूचा."

"तुमका इचारलंय तर तुम्ही नको म्हणतलास. म्हणान देवाक इचारलंय."

फोनमधून डोंबिवलीच्या कुकरची शिट्टी ऐकू आली.

"बरा, आता इचारतंय," विनीत म्हणाला. "बाबा, तुमका खंय रवाचा आसा?"

"हंयच," गणपत म्हणाला. "खोलये परत सुरू करतंय. तुझी आवस सगळ्यांका व्हय म्हणा होती. माका म्हणूक येता काय बघतंय."

विनीत 'बरं' म्हणाला. ते त्याला आवडलं नव्हतं, पण डावं उत्तर मिळूनही त्याने पुन्हा विचारलं नाही. या गावच्या इतिहासात अशी दुसरी नोंद नाही.

साइट अजून चालू आहे आणि ती ओळ तशीच आहे. समितीने ती बदलावी का असा कौल साइटवरच लावून पाहिला आणि उजवा मिळाल्यावर, प्रश्न नीट विचारला गेला नव्हता असं ठरवलं. बाहेरगावच्या वाचकांसाठीही सोय आहे. प्रश्न टंकलाच पाहिजे असं नाही, मनात आला तरी पुरतो. आत्ता हे वाचताना तुमच्या मनात आलंच असेल, की आपण काही या गावच्या लोकांसारखे नाही, आपण खरं उत्तर ऐकायलाच विचारतो, नाही का?

उजवा.